परत न येणारं यंत्र : पीएसएलव्ही कसं घडतं आणि कुठे दगा देतं

पीएसएलव्ही, म्हणजे उपग्रह कक्षेत नेणारं इस्रोचं रॉकेट. त्याचं प्रत्यक्ष काम बहुतेक वेळा अठरा-वीस मिनिटांत उरकतं. पहिले तीन टप्पे समुद्रात जातात, चौथा कक्षेत राहतो आणि कारखान्यात परत काहीच येत नाही. विमानाचं इंजिन ठरावीक तासांनी उघडून पात्यांची झीज बघता येते. परत उतरणाऱ्या फाल्कन ९ या अमेरिकी रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात काय जळलं, काय तडकलं, तेही हात लावून तपासता येतं. पीएसएलव्ही उडाल्यावर मात्र हाती उरतात ते टेलिमेट्रीचे, म्हणजे उडताना रेडिओवरून आलेल्या मापांचे आलेख. एखादा वेल्ड, एखादी रबरी रिंग, एखादा झडप-स्प्रिंग नीट आहे का, हे बघायची संधी फक्त उड्डाणाआधी मिळते. एकदाच वापरायचं रॉकेट म्हणजे बनवायला सोपं, असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. पुढचं सगळं लिहिण्याचं कारण तेच : हे रॉकेट समजून घ्यायचं तर ते उडताना बघण्यापेक्षा ते घडताना बघावं लागतं.

आधी अंगकाठी. उंची सुमारे ४४ मीटर. सहा मोठे स्ट्रॅप-ऑन, म्हणजे बाजूने बांधलेल्या जादा मोटारी, लावलेल्या एक्सएल रूपात वजन ३२० टन. ६०० किलोमीटरच्या सूर्यसमकालिक ध्रुवीय कक्षेत (ध्रुवांजवळून जाणारी, एकाच जागेवरून नेहमी त्याच स्थानिक वेळी नेणारी कक्षा) ते १,७५० किलोपर्यंतचा उपग्रह नेतं. म्हणजे उड्डाणवजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जेमतेम जास्त. टप्पे चार, आणि त्यांचा क्रम जगावेगळा : घन, द्रव, घन, द्रव. या क्रमाला इतिहास आहे. एसएलव्ही-३ आणि एएसएलव्ही या आधीच्या रॉकेटांमुळे घन इंधनाच्या मोटारी बनवण्यात हात बसलेला होता, आणि फ्रान्सच्या वायकिंग इंजिनाच्या तंत्रज्ञानावरून विकास हे द्रव इंजिन तयार झालं होतं. जे येत होतं त्याची सर्वोत्तम मांडणी केली गेली. सगळ्यात वर द्रव टप्पा ठेवण्याला मात्र ठोस कारण आहे : घन मोटार एकदा पेटली की विझवता येत नाही, आणि कक्षा अचूक हवी तर योग्य क्षणी इंजिन बंद करता आलं पाहिजे.

पहिला टप्पा : पोलाद आणि रबर

पहिल्या टप्प्याचं नाव एस१३९, म्हणजे सुमारे १३९ टन घन इंधन. व्यास २.८ मीटर, लांबी वीसेक मीटर, कमाल रेटा ४,८०० किलोन्यूटनच्या आसपास. एवढी मोठी मोटार एका तुकड्यात ओतता येत नाही, वाहून नेता येत नाही आणि तपासताही येत नाही. म्हणून ती पाच खंडांची असते आणि श्रीहरिकोट्यात एकावर एक चढवून जोडली जाते.

खंडांची नळकांडी, म्हणजे केसिंग, मॅरेजिंग पोलादाची असतात. या पोलादात सुमारे १८ टक्के निकेल, ८ टक्के कोबाल्ट, ५ टक्के मॉलिब्डेनम, थोडं टायटॅनियम असतं आणि कार्बन जवळजवळ नसतोच. गंमत अशी की सुरुवातीला ते बऱ्यापैकी मऊ असतं. रोल करता येतं, वेल्ड करता येतं, लेथवर घेता येतं. मग तयार नळकांडं ४८० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भट्टीत ठेवलं की आतल्या आत अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ताकद १,७०० मेगापास्कलच्या घरात जाते. इतक्या ताकदीमुळेच भिंत पातळ ठेवता येते आणि वजन वाचतं.

पण अशा पोलादाला बारीकशी भेगही सोसत नाही. साध्या बांधकामाच्या पोलादात एक-दोन मिलिमीटरची खोट निभावून जाईल, इथे ती वाढून नळकांडं उभं फाटू शकतं. वेल्डच्या शेजारचा पट्टा उष्णतेने आपले गुण बदलतो, म्हणून वेल्डिंगनंतरची उष्णता-प्रक्रिया नेमकी व्हावी लागते. वेल्डच्या तारेला किंवा पत्र्याच्या कडेला ओल किंवा तेलाचा अंश राहिला तर हायड्रोजन आत शिरतो, आणि भेग लगेच न दिसता नंतर उघडते. त्यामुळे प्रत्येक वेल्डचा एक्स-रे, अल्ट्रासॉनिक तपासणी आणि पृष्ठभागावर रंगद्रव्य टाकून भेग शोधणं ठरलेलं असतं. शेवटी आत पाणी भरून कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब दिला जातो. हवा न भरता पाणीच का? पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे केसिंग फुटलंच तरी साठलेली ऊर्जा थोडी असते. त्याच दाबाची हवा भरली असती तर चाचणीचा बॉम्ब झाला असता.

दुसरी अडचण गोलाईची. २.८ मीटर व्यासाची पातळ रिंग आडवी ठेवली तर स्वतःच्या वजनानेही किंचित लंबगोल होते. दोन खंड जोडताना एका खंडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते, भोवती पिना जातात आणि मध्ये ओ-रिंग, म्हणजे वायू अडवणाऱ्या रबरी कड्या, दाबल्या जातात. रिंग लंबगोल असेल तर एका बाजूला ओ-रिंग जास्त दबते, दुसऱ्या बाजूला कमी. कमी दबलेली बाजू म्हणजे गरम वायूला दिलेली वाट. १९८६ साली चॅलेंजर शटलच्या बूस्टरमध्ये थंडीने कडक झालेल्या ओ-रिंगमुळे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून जोडणीच्या वेळी गोलाईची मापं, ओ-रिंगचा पृष्ठभाग, ग्रीसचा थर, खाचेतली स्वच्छता हे सगळं कागदावर सह्यांसकट नोंदवलं जातं. ही नोंदवही मला रॉकेटचाच एक भाग वाटते, कारण बिघाड झाल्यावर तपासायला तेवढीच उरते.

इंधन म्हणाल तर ते रबरासारखं असतं. एचटीपीबी हा चिकट द्रव बांधून ठेवण्याचं काम करतो आणि स्वतःही जळतो. त्यात अमोनियम परक्लोरेटचे दाणे ऑक्सिजन पुरवायला आणि ॲल्युमिनियमची पूड उष्णता वाढवायला. ढोबळमानाने ८५ टक्क्यांच्या आसपास घन पदार्थ आणि उरलेला द्रव. इतकं घट्ट मिश्रण ओतता यावं म्हणून परक्लोरेटचे दाणे जाड आणि बारीक असे दोन मापांचे घेतात, म्हणजे जाड दाण्यांमधल्या फटींत बारीक दाणे बसतात. हे प्रमाण चुकलं तर मिश्रण ओतताना अडतं किंवा जळण्याचा वेग बदलतो. परक्लोरेट केरळातल्या आलुवा इथल्या इस्रोच्या कारखान्यात बनतं. मिश्रण दूरनियंत्रित मिक्सरमध्ये होतं, माणूस जवळ नसतो. ओतणं निर्वातात, कारण एकही बुडबुडा परवडत नाही. मग साठ अंशांच्या आसपास काही दिवस ते जमायला ठेवतात.

आता बिघाड कुठे होतो ते बघा. घन इंधन उघड्या पृष्ठभागावरूनच जळतं. किती पृष्ठभाग उघडा आहे त्यावर किती वायू तयार होईल ते ठरतं, आणि वायूवर दाब ठरतो. दाब वाढला की जळण्याचा वेगही वाढतो. इंधनात भेग असेल तर अचानक जादा पृष्ठभाग उघडा पडतो, दाब उसळतो. इंधन थंड होताना पोलादापेक्षा कितीतरी जास्त आकसतं, त्यामुळे केसिंगच्या आतल्या रबरी अस्तरापासून ते सुटायला बघतं. तिथे जरा जरी पोकळी राहिली तर ज्योत तिथून मागे शिरते आणि केसिंगची भिंत अपेक्षेपेक्षा कितीतरी आधी उघडी पडते. म्हणून प्रत्येक खंडाचा शक्तिशाली एक्स-रे काढतात, आणि शंका आली तर खंड बाजूला ठेवतात. असा नाकारलेला खंड म्हणजे कित्येक टन इंधन आणि महिन्यांचं काम. तरीही नाकारता येणं हीच या पद्धतीची ताकद आहे.

पहिल्या टप्प्याची एक गोष्ट मला फार आवडते. वीस मीटरच्या या मोटारीचं नॉझल हलत नाही, तरी ती वळते. नॉझलच्या फुगीर भागात भोवतीने २४ छिद्रं आहेत. ज्या बाजूला वळायचं त्यानुसार तिथल्या छिद्रांतून स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचं पाण्यातलं द्रावण आत फवारतात. वेगाने जाणाऱ्या वायूत हा फवारा अडथळा बनतो, त्या ठिकाणी धक्कालहर तयार होते, भिंतीवरचा दाब एका बाजूला वाढतो आणि रेटा कलतो. हे द्रावण पहिल्या टप्प्याला चिकटलेल्या दोन बारीक, लांब टाक्यांत असतं. पीएसएलव्हीच्या फोटोत स्ट्रॅप-ऑनच्या मधून डोकावणाऱ्या त्या दोन किरकोळ नळ्या बऱ्याच जणांना रिकामा पाइप वाटतात. त्या नसत्या तर रॉकेट सरळ राहिलंच नसतं. स्वतःभोवती गिरकी घेण्यावर ताबा ठेवायला मात्र हा फवारा पुरत नाही, त्यासाठी समोरासमोर बसवलेले दोन छोटे, फिरणारे थ्रस्टर आहेत.

स्ट्रॅप-ऑन सहा, प्रत्येकात १२ टन इंधन. मुख्य मोटार पेटल्यावर अर्ध्या-पाऊण सेकंदात चार स्ट्रॅप-ऑन जोडीजोडीने पेटतात, उरलेले दोन हवेत, २५ व्या सेकंदाला. सगळे जमिनीवरच पेटवले तर दाट हवेत वेग फार लवकर वाढेल आणि रॉकेटच्या अंगावर ताण येईल. ७० व्या सेकंदाच्या सुमारास पहिले चार सुटतात, ९२ व्या सेकंदाला हवेत पेटलेले दोन, आणि ११० च्या आसपास मुख्य मोटार. छोट्या कामांसाठी स्ट्रॅप-ऑन नसलेलं सीए, दोन लावलेलं डीएल आणि चार लावलेलं क्यूएल अशी रूपं आहेत. डीएल पहिल्यांदा जानेवारी २०१९ मध्ये, क्यूएल त्याच वर्षी १ एप्रिलला उडालं.

मधले टप्पे

दुसऱ्या टप्प्यात विकास इंजिन, सुमारे ४१ टन द्रव इंधन, ८०० किलोन्यूटन रेटा. इंधन यूएच२५, म्हणजे ७५ टक्के यूडीएमएच आणि २५ टक्के हायड्रॅझिन हायड्रेट. ऑक्सिडायझर, म्हणजे जळायला ऑक्सिजन पुरवणारा द्रव, नायट्रोजन टेट्रॉक्साइड. दोघं एकमेकांना भेटताच पेटतात, ठिणगी लागत नाही. अतिथंड इंधनाची भानगड नाही, भरल्यावर काही काळ ठेवता येतं. किंमत मोजावी लागते ती विषारीपणाची. भरण्याचं काम करणारे पूर्ण बंद, हवा पुरवलेला पोशाख घालतात. शिवाय टेट्रॉक्साइड २१ अंशांनाच उकळतं. श्रीहरिकोट्याच्या उन्हात ते दाबाखाली आणि तापमान सांभाळून ठेवावं लागतं.

विकासमध्ये एकाच दांड्यावर टर्बाइन आणि तीन पंप असतात : इंधनाचा, ऑक्सिडायझरचा आणि चक्क पाण्याचा. टर्बाइन फिरवणारा वायू फार गरम असतो, तो पात्यांना सोसेल इतका थंड करायला त्यात पाणी सोडतात. म्हणून या टप्प्यात पाण्याचीही टाकी असते. इंजिनच झुकवून वरखाली आणि डावीउजवी दिशा सांभाळली जाते. हा टप्पा चालू असतानाच, सुमारे ११५ किलोमीटरच्या वर, हीट शील्ड, म्हणजे टोकावरचं उपग्रहाला झाकणारं कवच, फेकून दिली जाते.

इथे ३१ ऑगस्ट २०१७ चं सी३९ हे उड्डाण आठवतं (पीएसएलव्हीच्या उड्डाणांना असे 'सी' क्रमांक असतात). हीट शील्ड ३.२ मीटर व्यासाची, दोन उभ्या पाकळ्यांची. सुटताना दोन कामं व्हावी लागतात. खालचा पट्टा सुटून शील्ड रॉकेटपासून मोकळी होते, आणि उभ्या सांध्यातली बारीक स्फोटक दोरी फुगून दोन्ही पाकळ्या बाजूला ढकलते. सी३९ मध्ये उभा सांधा उघडला नाही. परिणाम दुहेरी झाला. टनभर जादा वजन वाहत राहिल्याने वेग कमी पडला, आणि आयआरएनएसएस-१एच हा उपग्रह शील्डच्या आतच सुटून अडकून राहिला. चारही टप्पे व्यवस्थित चालले होते. त्याआधीच्या कितीतरी उड्डाणांत हीच रचना निर्धोक चालली होती. एकदाच वापरायच्या यंत्रात मागचं यश पुढच्या प्रतीला वारशाने मिळत नाही, कारण प्रत्येक प्रत नवी असते आणि आपलं पहिलंच उड्डाण करत असते.

तिसरा टप्पा दिसायला लहान : २ मीटर व्यास, ७.६ टन घन इंधन, २४० किलोन्यूटन. याचं केसिंग पोलादाचं नसून केव्हलार धाग्यांचं, कारण वर जाल तसा प्रत्येक किलो महाग होतो. पहिल्या टप्प्यात किलोभर वाचवलं तर उपग्रहाला त्याचा अगदी थोडा अंश मिळतो, तिसऱ्या-चौथ्यात त्याहून कितीतरी जास्त. नॉझल अर्धं मोटारीच्या आत बुडवलेलं, आणि रबर व धातूच्या थरांच्या लवचिक सांध्यावर दोन अंशांपर्यंत झुकणारं.

१८ मे २०२५ रोजी सी६१ याच टप्प्यात गेलं. पहिले दोन टप्पे ठीक चालले, तिसऱ्याच्या ज्वलनकक्षातला दाब उतरला, ईओएस-०९ हा उपग्रह हरवला. १२ जानेवारी २०२६ च्या सी६२ मध्येही तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीला रॉकेटच्या गिरकीत गडबड दिसली आणि मार्ग भरकटला. घन मोटारीत दाब उतरतो तेव्हा सर्वसाधारणपणे शोधायच्या जागा मोजक्या असतात : केसिंगला गळती, नॉझलच्या सांध्यातून वायू निसटणं, नॉझलचा गळा अपेक्षेपेक्षा जास्त झिजणं, किंवा अस्तर सुटणं. बाजूने वायू निसटला तर तो छोट्या थ्रस्टरसारखा रॉकेटला ढकलतो, आणि नियंत्रण यंत्रणेची ताकद कमी पडली की दिशा जाते. धाग्यांच्या केसिंगमध्ये हे शोधणं पोलादापेक्षा अवघड असतं. थर सुटलेला आहे का, राळ नीट मुरली आहे का, हे एक्स-रेत सहज दिसत नाही.

आणि या टप्प्यात कमी पडलेलं भरून काढायला वाव नसतो. ढोबळ हिशेबाने तिसरा टप्पा सेकंदाला दोनेक किलोमीटर वेगाची भर घालतो. कक्षेसाठी साडेसात लागतो. चौथ्या टप्प्याचा रेटा जेमतेम १५ किलोन्यूटन, म्हणजे उपग्रहासकट स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. तो हळूहळू, आठ-नऊ मिनिटं जळून काम करतो. आधीची तूट मोठी असेल तर त्याचं काम पूर्ण व्हायच्या आत रॉकेट खाली यायला लागतं.

चौथा टप्पा, जो वरच राहतो

दोन इंजिनं, अडीच टन द्रव : इंधन एमएमएच आणि ऑक्सिडायझर एमओएन-३. पंप नाहीत. हेलियमच्या दाबाने टाक्यांतून द्रव ढकलला जातो. साधेपणा हीच त्याची भरवशाची बाजू, आणि अर्थातच हेलियम हीच त्याची दुखरी नस. २९ सप्टेंबर १९९७ च्या सी१ मध्ये हेलियमची गळती झाली आणि वेग कमी पडला. गोल कक्षेऐवजी आयआरएस-१डी सुमारे ३०० बाय ८२० किलोमीटरच्या लंबगोल कक्षेत अडकला. उपग्रहाने स्वतःजवळचं इंधन जाळून खालचं टोक ७३७ किलोमीटरपर्यंत उचललं आणि पुढे वर्षानुवर्षं कामही केलं.

हाच टप्पा पीएसएलव्हीचा खरा हुन्नर आहे. तो बंद करून पुन्हा पेटवता येतो. सप्टेंबर २०१६ च्या सी३५ मध्ये स्कॅटसॅट-१ ला ७२० किलोमीटरवर सोडून, दोनदा इंजिन पेटवून, उरलेले सात उपग्रह ६७० किलोमीटरच्या आसपास सोडले. १५ फेब्रुवारी २०१७ च्या सी३७ मध्ये १०४ उपग्रह, एकूण १,३७८ किलो, त्यातला कार्टोसॅट एकटाच ७१४ किलोचा. एवढे उपग्रह एकमेकांना न धडकता सोडण्याची युक्ती म्हणजे दिशा आणि वेळ बदलत जाणं : टप्पा थोडा वळवायचा, ठरलेल्या क्षणी ठरलेला डबा उघडायचा, पुन्हा वळवायचं. सुटतानाचा वेगाचा फरक अगदी कमी असतो, पण तो एकाच दिशेत नसेल तर तासागणिक अंतर वाढत जातं.

वर राहण्याची जबाबदारी मात्र मोठी आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये टीईएस उपग्रह सोडलेल्या सी३ चा चौथा टप्पा त्याच डिसेंबरात कक्षेत फुटला आणि तीनशेहून अधिक तुकडे नोंदले गेले. टाकीत उरलेलं इंधन आणि दाब हे अशा स्फोटाचं मूळ. त्यानंतर काम झाल्यावर उरलेलं द्रव्य बाहेर सोडून टाक्या रिकाम्या करणं ही पद्धत पडली. आता त्याही पुढे जाऊन रिकाम्या टप्प्यावर सौरपट्ट्या लावून पोएम नावाने प्रयोग चालवतात, पहिला जून २०२२ च्या सी५३ वर. जानेवारी २०२४ च्या सी५८ चा टप्पा ३५० किलोमीटरपर्यंत खाली आणला, त्यावर प्रयोग केले आणि मार्चमध्ये तो वातावरणात जळून गेला. मागे कचरा उरला नाही. टाकून द्यायच्या वस्तूचा असा पूर्ण उपयोग करणं मला मोठं काम वाटतं.

बनवतं कोण?

"इस्रो" हे उत्तर अर्धंच खरं आहे. आराखडा, चाचण्या, अंतिम जोडणी इस्रोची. सुटे भाग अनेक वर्षं शंभराहून अधिक उद्योग बनवत आले आहेत. त्यात महाराष्ट्राचा वाटा ठळक आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगर इंडस्ट्रीजमध्ये आणि मुंबईच्या पवईत लार्सन अँड टुब्रोकडे मोटारींची केसिंग बनली. विक्रोळीत गोदरेजकडे विकास इंजिन आणि चौथ्या टप्प्याची इंजिनं. नागपूरच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्जने १२ टनी स्ट्रॅप-ऑन मोटार बनवली आणि श्रीहरिकोट्यात तिची जमिनीवरची चाचणी झाली.

सप्टेंबर २०२२ मध्ये न्यूस्पेस इंडिया या अंतराळ विभागाच्या व्यावसायिक कंपनीने पाच संपूर्ण पीएसएलव्ही बनवण्याचं ८६० कोटींचं काम हिंदुस्थान एरोनॉटिक्स (एचएएल) आणि लार्सन अँड टुब्रोच्या जोडीला दिलं. इथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. एचएएलचं मूळ असलेली हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी १९४० साली बंगळुरात उभी केली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, आणि वालचंदनगरही त्यांचंच.

या करारात बदलतं ते असं : आजवर एखादा विक्रेता भाग बनवायचा, इस्रोचा माणूस तपासायचा, आणि भाग स्वीकारल्यावर पुढची जबाबदारी इस्रोची. आता भाग गोळा करणं, तपासणं, जोडणं आणि पूर्ण रॉकेट तयार करून देणं या जोडीचं काम. आराखड्याची कागदपत्रं हस्तांतरित करणं सोपं आहे. कठीण आहे ते कागदावर नसलेलं : कोणत्या वेल्डमध्ये एक्स-रेतला कोणता ठिपका निरुपद्रवी, ओ-रिंग बसवताना हाताला काय जाणवलं की थांबायचं, कोणत्या पुरवठादाराच्या रबराला पावसाळ्यात जपावं लागतं. हे वर्षानुवर्षं एकाच टेबलावर काम केलेल्या माणसांच्या हातात आणि डोळ्यांत असतं.

माझी काळजी संख्येची आहे. २०२३ मध्ये तीन पीएसएलव्ही उडाले, २०२४ मध्ये तीन, २०२५ मध्ये एकच. एवढ्या तुरळक कामावर मॅरेजिंग पोलादाचा कुशल वेल्डर टिकवून ठेवणं अवघड जातं. दोन ऑर्डरींमध्ये वर्ष गेलं तर तो दुसऱ्या कामाला लागतो, आणि परत आल्यावर त्याची पात्रता नव्याने सिद्ध करावी लागते. भट्टी बंद राहते, उपकरणांचं कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं. पाच रॉकेटांची ऑर्डर ही सुरुवात म्हणून चांगली, पण दरवर्षी ठरलेली संख्या दिली तरच दर्जा स्थिर राहतो. जादा तपासनीस नेमून ही उणीव भरून निघत नाही.

जोडणीच्या पद्धतीतही बदल होतो आहे. पूर्वी पहिल्या प्रक्षेपण तळावर रॉकेट जागेवरच, हलत्या मनोऱ्याच्या आत उभं केलं जाई. एक रॉकेट उभं राहीपर्यंत तळ अडकलेला. आता वेगळ्या इमारतीत जोडणी करून तळावर नेतात. डिसेंबर २०२४ च्या सी६० मध्ये चौथ्या टप्प्यापर्यंतची जोडणी तिथे पहिल्यांदा झाली. तळ मोकळा राहतो, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत काम करण्याचा काळही घटतो.

थेट प्रक्षेपण बघताना

श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेसाठी निघालेलं रॉकेट सरळ दक्षिणेला जात नाही. खाली श्रीलंका आहे. ते आधी आग्नेयेला समुद्रावर जातं आणि नंतर हवेतच दक्षिणेकडे वळतं. या वळणात इंधन जातं आणि वाहून न्यायचं वजन कमी होतं. पडद्यावर नकाशातली रेषा वाकलेली दिसली तर घाबरू नका.

पहिल्या दोन मिनिटांत डोळे स्ट्रॅप-ऑनवर असतात, पण खरं बघायचं ते पडद्यावरच्या आलेखावर. अपेक्षित रेषा आणि प्रत्यक्ष ठिपके एकमेकांवर असले पाहिजेत. सव्वाचार मिनिटांनंतर तिसरा टप्पा पेटतो. गेल्या दोन अपयशांनंतर सगळ्यात काळजीचा हाच तुकडा. इथे उंचीपेक्षा वेगाची रेषा बघा. उंची आधीच्या गतीमुळे काही काळ वाढत राहते आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो, वेग मात्र लगेच चुगली करतो. तिसरा टप्पा संपल्यावर चौथा पेटेपर्यंत रॉकेट नुसतं तरंगत जातं, तेव्हा रेषा सपाट झाली तर तो बिघाड नाही. मग चौथ्याची लांब, संथ चढण.

शेवटी उपग्रह सुटल्याची घोषणा होते, टाळ्या पडतात. तेवढ्यावर थांबू नका. सी३९ मध्येही उपग्रह सुटलाच होता, बंद शील्डच्या आत. ट्रॅकिंग केंद्रांकडून आलेले कक्षेचे दोन आकडे, सगळ्यात जवळची आणि सगळ्यात दूरची उंची, ठरवलेल्या आकड्यांशी ताडून बघा. ते जुळले की उड्डाण झालं.